मिलिंद नावाची कुळकथा

चाकूर, अहमदपूर, उदगीरकडे ‘आम्ही मिलिंदचे’ असे अभिमानाने सांगणारी जुनी माणसे भेटतात. निजामी राजवट संपून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले. बाबासाहेबांनी पुढे त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव दिले.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला वादाला बोलावतो. नागसेन आधीच अट घालतो: पंडितांसारखा वाद करणार असाल तर बसतो, राजांसारखा करणार असाल तर नाही. राजाला विरोध केला की शिक्षा होते, पंडित मात्र चूक दाखवली तरी रागावत नाही. राजा ही अट मानतो. ज्यांच्या आजा-पणजांना वर मान करून बोलायची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांच्या कॉलेजाला याहून समर्पक नाव मला सुचत नाही.

मग रथाचा दाखला येतो. आपल्याकडे बैलगाडी घ्या. चाक म्हणजे गाडी का? आख? जू? दांडी? एकेक बाजूला काढत गेलो तर ‘गाडी’ कुठे उरते? नागसेन म्हणतो, ‘मी’सुद्धा असाच, जुळणीला दिलेले नाव.

हा ग्रंथ युरोपातही पोचला. ट्रेंकनर यांनी १८८० साली मूळ पाली पाठ रोमन लिपीत छापला. पुढच्याच वर्षी ओल्डेनबर्ग यांचे जर्मन बुद्धचरित्र आले, त्यात राजा-भिक्खूचा हा संवाद आहे. ते पुस्तक जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने वाचले होते. नीतिकल्पनांची कुळकथा सांगणाऱ्या त्याच्या १८८७च्या ग्रंथात बुद्धाचा मुलगा राहुल याच्या जन्माची गोष्ट तिथूनच आली आहे. त्याच ग्रंथात तो म्हणतो की कृतीमागे वेगळा कर्ता नसतो, तो आपण मागाहून जोडतो. हा विचार त्याने नागसेनाकडून घेतला असे म्हणण्याइतका पुरावा नाही. शिवाय बौद्ध धर्माला तो थकलेल्यांचा धर्म समजे, आणि तिथे तो चुकला. तरीही दोघांचे घाव एकाच ठिकाणी बसतात.

रा. द. वाडेकरांनी संपादलेली ‘मिलिंदपञ्ह’ची देवनागरी प्रत मुंबई विद्यापीठाने १९४० सालीच काढली आहे. लातूर-नांदेडच्या कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी नीत्शेच्या तासाला ती शेजारी ठेवावी, आणि वाद नागसेनाच्या अटीवर होऊ द्यावा.