धुराड्यांपासून काचेच्या मनोऱ्यांपर्यंत

आठवीच्या भूगोलाच्या तासाला सरांनी विचारलं होतं, "महाराष्ट्राचं मँचेस्टर कोणतं?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला होता, "इचलकरंजी!" बाहेर शेजारच्या शेडमधले माग खटाखट चालू होते, त्यामुळे ओरडावंच लागायचं. पण खरं मँचेस्टर कसं आहे, ते आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दहावीनंतर सांगलीला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी आणि २००६ साली कंपनीनं एका प्रोजेक्टसाठी पाठवलं ते थेट मँचेस्टरला. दोन वर्षांसाठी आले होते, ते आजतागायत इथंच आहे. स्मरणिकेसाठी "तिकडचं काहीतरी लिही" असा निरोप आला, तेव्हा ठरवलं की सरांचा तो अर्धा राहिलेला धडा पूर्ण करावा. मी इतिहासाची अभ्यासक नाही, कॉम्प्युटरवाली आहे. पण या शहराच्या उंच इमारतींचा इतिहास मला एका कारणानं खोलात जाऊन वाचावा लागला. ते कारण पुढे येईलच.

मँचेस्टरची उंची सुरू होते ती कापसापासून. १७८० च्या दशकात रिचर्ड आर्कराइट आणि त्याच्या भागीदारांनी शूडहिल भागात सूतगिरणी उभारली आणि तिचं उंच धुराडं ही लोकांना नवलाची गोष्ट वाटली. १७९८ मध्ये अँकोट्स भागात मरे बंधूंनी वाफेवर चालणारी आठ मजली गिरणी बांधली. ती इमारत आजही उभी आहे, आता तिथं फ्लॅट आहेत. १८२६ साली कार्ल फ्रीडरिश शिंकेल हा बर्लिनचा नामवंत वास्तुरचनाकार इथं आला, तेव्हा त्यानं चर्च आणि राजवाडे सोडून या गिरण्यांची चित्रं काढली. १८५३ च्या सुमारास शहरात १०८ सूतगिरण्या होत्या. आपल्या गावातली सायझिंगची धुराडी आठवा आणि अशी शेकडो धुराडी एकाच वेळी कोळशाचा धूर ओकताहेत असं समजा.

या गिरण्यांना सगळ्यात मोठी भीती होती आगीची. कापसाची धूळ, तेलाचे दिवे आणि मशिनच्या तेलानं भिजलेल्या लाकडी तक्तपोशी, एक ठिणगी पुरायची. मालकाचं सगळं भांडवल एका रात्रीत राख व्हायचं. मग मालकांनीच उपाय शोधायला लावला. लीड्समधली एक गिरणी १७९६ साली जळाल्यावर तिच्या भागीदारांनी श्रूसबरी गावात नवी गिरणी बांधली. चार्ल्स बेज यानं तिला लाकडाऐवजी बिडाचे खांब, बिडाच्या तुळया आणि त्यांवर विटांच्या कमानी दिल्या. लोखंडी सांगाड्याची ही जगातली पहिली इमारत. उंची जेमतेम पाच मजले, पण आजच्या सगळ्या गगनचुंबी इमारतींची ती पणजी मानली जाते. दोन-चार वर्षांतच मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये याच पद्धतीनं सात मजली गिरणी उभी राहिली. म्हणजे इमारतींचे सांगाडे लोखंडाचे झाले, त्यांची सुरुवात हौसेतून झाली नव्हती, जळालेल्या पैशातून झाली होती.

आता धुराची गोष्ट पाहा. आगीवर उपाय निघायला दोन-चार वर्षं लागली, धुरावर दीडशे वर्षं लागली. कारण धूर मालकाच्या नाकात जात नव्हता. त्याचा बंगला शहराबाहेर मोकळ्या हवेत असायचा. १८४२ मध्ये फ्रीडरिश एंगल्स आपल्या वडिलांची भागी असलेल्या कंपनीत काम शिकायला इथं आला. १८४५ साली त्यानं इंग्लंडमधल्या कामगारांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं एक नेमकी गोष्ट टिपली आहे. शहरातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या दुतर्फा दुकानांच्या रांगा होत्या. त्यामुळे धनिक माणूस रोज गाडीतून ये-जा करायचा, पण दुकानांमागच्या वस्त्या त्याला कधी दिसायच्याच नाहीत. १९५२ साली शहराच्या मध्यभागी धूरमुक्त क्षेत्र जाहीर झालं आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा देशभर आला. तोवर इथले दगडी चर्च आणि बँका काळ्याकुट्ट होऊन गेल्या होत्या.

या कापसात आपलाही धागा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. लाखो कामगार उपाशी राहिले. त्या वर्षांत मुंबई बंदरातून वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस इकडे आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. आखूड धाग्याचा आपला कापूस इथल्या मागवाल्यांना मात्र आवडायचा नाही, सूत सारखं तुटायचं. तुटलेलं सूत जोडता जोडता काय होतं, ते आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी माहीत आहे.

गिरण्यांचा पैसा आल्यावर शहराला आपला थाट दाखवावासा वाटला. १८६८ ते १८७७ या काळात अल्फ्रेड वॉटरहाऊस यानं टाउन हॉल बांधला. त्याचा घड्याळाचा मनोरा २८० फूट उंच आहे. आत फरशीवर मोझॅकमध्ये मधमाश्या काढल्या आहेत, कारण कष्टाळू मधमाशी ही या शहराची खूण. गंमत अशी, की याच वॉटरहाऊसनं स्ट्रेंजवेज हा इथला तुरुंगही बांधला आणि त्यालाही २३४ फुटांचा मनोरा दिला. तो १८६८ साली सुरू झाला, म्हणजे टाउन हॉलच्या नऊ वर्षं आधी. टाउन हॉल शहराच्या स्वतःच्या मालकीचा आहे. २०१८ साली तो दुरुस्तीसाठी बंद केला आणि तेव्हापासून त्यावर प्रचंड खर्च चालू आहे. लोक कुरकुरतात, पण ज्याची वास्तू त्यानंच ती सांभाळायची, हा हिशोब सरळ आहे.

टाउन हॉलला मागं टाकलं ते १९६२ साली, सहकारी विमा संस्थेच्या सीआयएस टॉवरनं. २५ मजले, ११८ मीटर. इथून जवळच रॉचडेल नावाचं गिरणगाव आहे. तिथं १८४४ मध्ये २८ जणांनी पदरचे पैसे घालून एक दुकान काढलं. आपल्या सहकारी सूतगिरण्या, बँका, ग्राहक भांडार, या सगळ्यांच्या वंशावळीत ते दुकान येतं. त्याच चळवळीच्या पैशातून हा टॉवर उभा राहिला. त्याच्या एका बाजूला लिफ्ट आणि जिन्यांचा उंच खांब आहे आणि त्यावर मोझॅकचे सुमारे १ कोटी ४० लाख बारीक तुकडे लावले होते. सहा महिन्यांतच ते निसटून पडू लागले! पण मालक तिथंच बसलेला होता, इमारत विकून निघून गेलेला नव्हता. अनेक वर्षं डागडुजी झाली आणि शेवटी २००५ च्या सुमारास त्या खांबावर सात हजारांहून जास्त सोलर पॅनेल बसवले. आता त्या भिंतीतून वीज मिळते. मी आले त्या वर्षी ते काम नुकतंच झालं होतं आणि ऑफिसला जाताना ती निळसर भिंत मी रोज बघायची.

त्याच काळातली दुसरी गोष्ट इतकी बरी नाही. हल्म भागातली जुनी कामगार घरं पाडून नगरपालिकेनं १९७२ पर्यंत चार अर्धचंद्राकृती भल्यामोठ्या इमारती बांधल्या. घरं ओलसर, तापवायची सोय महागडी आणि सामाईक गॅलऱ्या मुलांना धोक्याच्या. काही वर्षांतच ठरवावं लागलं की तिथं लहान मुलांची कुटुंबं ठेवायची नाहीत. १९९० च्या दशकात सगळं पाडलं. वीस-बावीस वर्षांत नवी इमारत जमीनदोस्त! ती मंजूर करणारं कुणी तिथं राहत नव्हतं.

गिरण्या बंद पडल्या, शहराचा मध्य ओस पडला. १९९६ च्या जूनमध्ये आयआरएचा मोठा बॉम्बस्फोट झाला, दोनशेवर लोक जखमी झाले. त्यानंतर मध्यवस्ती नव्यानं बांधायला घेतली आणि लोक पुन्हा शहरात राहायला येऊ लागले. २००६ साली ४७ मजल्यांचा, १६९ मीटरचा बीटम टॉवर पुरा झाला. खाली हॉटेल, वर फ्लॅट. त्याच्या माथ्यावर काचेचं एक पातं आहे. जोराचा वारा सुटला की ते गुणगुणतं आणि तो आवाज दूरवर ऐकू येतो. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, कुठल्या तरी सायझिंगचा भोंगा वाजतोय! २०१८ मध्ये डीन्सगेट स्क्वेअरच्या दक्षिण मनोऱ्यानं २०१ मीटर गाठले. आता वर बघितलं की क्रेन मोजाव्या लागतात. एके काळी इथं सगळ्यात उंच काय असायचं, तर धुराडं. आता सगळ्यात उंच असतात ते विकायचे किंवा भाड्याचे फ्लॅट.

आता माझं कारण सांगते. २०१४ साली आम्हीही इथं एक फ्लॅट घेतला, नवव्या मजल्यावर. इमारत दहा-बारा वर्षांची. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला आणि ७२ माणसं गेली. बाहेरून लावलेल्या पत्र्याच्या आतला प्लास्टिकचा थर पेटला होता. त्यानंतर देशभर इमारती उघडून तपासल्या. २०१९ च्या डिसेंबरात आम्हाला पत्र आलं. आमच्याही भिंतींच्या आत जळणारा थर होता आणि मजल्या-मजल्यांमध्ये आग अडवायला जे पट्टे हवेत, ते कित्येक ठिकाणी बसवलेच नव्हते. ज्यांनी बांधली ते विकून कधीच मोकळे झाले होते. बँकेच्या लेखी घराची किंमत शून्य झाली. रात्री भोंगा घेऊन जिन्यांतून फिरणारे पहारेकरी नेमले आणि त्यांचा पगार आमच्या बिलात आला. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मी जिन्यानं नऊ मजले उतरायचा सराव खेळ म्हणून शिकवला.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, तिकडं पण असं असतंय?" तिला काय सांगावं, सुचेना. म्हणून मी वाचायला लागले आणि दोनशे वर्षं मागं श्रूसबरीच्या गिरणीपर्यंत पोचले. तेव्हाच्या मालकाला लोखंड परवडलं, कारण आग लागली तर जळणार होतं ते त्याचंच. आमच्या बिल्डरला स्वस्त पत्रा परवडला, कारण जळणार होतं ते आमचं. दोघांमध्ये चांगुलपणाचा फरक होता असं मला वाटत नाही. पण ज्याचं नुकसान होणार, त्याच्याच हातात निर्णय असला की काम पक्कं होतं. तसा नसेल, तर कायदाच लागतो.

तो कायदा २०२२ साली आला. ११ मीटरपेक्षा उंच इमारतींमधल्या पात्र रहिवाशांकडून घातक पत्रा काढायचा खर्च घ्यायचा नाही, असं त्यात लिहिलं आहे. तो सहज आला नाही. रहिवाशांनी पाच वर्षं पत्रं लिहिली, मोर्चे काढले. मीही आयुष्यात पहिल्यांदा हातात फलक धरला. आमच्या इमारतीला परांची लागली, भिंती उघडून पुन्हा नीट बांधल्या. आता आम्ही निवांत झोपतो.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आपल्या गावात पहिला यंत्रमाग आणला, तिथून आपण 'मँचेस्टर' झालो. धुराडी आणि काळं पडलेलं नदीचं पाणी हेही त्याबरोबर आलं. गेल्या दिवाळीत आले, तेव्हा जुन्या शेडच्या जागी उभी राहिलेली अपार्टमेंट पाहिली. गाव आता महानगरपालिका आहे, ती आणखी उंच होणार आणि व्हावीतही. आपल्या बॅचमध्ये दोघं-तिघं बांधकाम व्यवसायात आहेत, एक जण महापालिकेत आहे. संमेलनात भेटाल तेव्हा रागावू नका, पण मी तुम्हाला विचारणार आहे: जिना किती रुंद ठेवलाय, आगीचा बंब आत वळतो का, आणि तुम्ही स्वतः त्यातल्या कुठल्या मजल्यावर राहणार?

सर, धडा लांबला, माफ करा. तुमचा तास संपायची घंटा तेव्हाही मला ऐकू यायची नाही.