ह्यू लिंडसे : साडेपाच दिवसांचा कोळसा, अकरा दिवसांचा प्रवास

पुण्यात बसून बोटीवर लिहिणं जरा विनोदीच आहे, आपला समुद्र म्हणजे खडकवासला! पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. त्यानंतर अकराच वर्षांनी, १८२९ मध्ये, मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' पाण्यात उतरली. ४११ टनांची बोट, दोन बाजूंना मोठी चाकं, पोटात विलायतेहून आणलेली ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. शिडंही होतीच म्हणा, नुसत्या वाफेवर तेव्हा कोण भरवसा ठेवणार? बोट कंपनी सरकारच्या आरमाराची, पण तिचं खरं काम टपालाचं. आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला पत्र पोचायला कित्येक महिने लागायचे. तांबड्या समुद्रातून सुएझला टपाल नेलं तर? मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी हा हट्टच धरला होता.

आता खरी गंमत बघा. बोटीत कोळशाला जागा होती साडेपाच दिवसांची, आणि एडनला पोचायला लागणार होते साधारण अकरा दिवस! (रिक्वायरमेंट एक आणि डिझाइन भलतंच, हे आपल्या आयटीत सुरू झालेलं नाही.) मग काय, डेकवर, केबिनमध्ये, जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. बोट इतकी जड झाली की पाण्यात चांगलीच खाली बसली. २० मार्च १८३० ला कमांडर जॉन विल्सन अशा अवस्थेत निघाले. अकराव्या दिवशी एडन आलं तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. वारा थोडा जरी उलटा फिरला असता तर? तिथे पुन्हा कोळसा भरण्यात बरेच दिवस गेले आणि २२ एप्रिलला बोट सुएझला लागली.

पण लंडनचे डायरेक्टर खर्च बघून नाराजच. त्यात हा कोळसा विलायतेहून शिडाच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालूनच यायचा! तरी पुढची काही वर्षं ती सुएझच्या फेऱ्या करत राहिली, फक्त पावसाळा टाळून, कारण नैऋत्येच्या वाऱ्यापुढे तिच्या इंजिनांचं काही चालत नसे.

जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन जिंकून घेतलं. कारणं अनेक होती, पण वाटेत कोळसा साठवायला हक्काचं बंदर हवं, हे त्यातलं एक मोठं कारण.