वर्ध्याची कुष्ठसेवा आणि शरीराची सहिष्णुता

वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेच्या इतिहासात करुणेबरोबर एक वैद्यकीय कोडेही गुंतलेले आहे. औषधाने जंतू मरत असतानाही काही रोग्यांचे हात बधिर आणि वाकडे का होतात?

१९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे महारोगी सेवा मंडळाचे कार्य आरंभिले. पुढे सेवाग्राम आश्रमात आलेल्या परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वहस्ते केली. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वर्देकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री रूढ केली. हाताशी डॅप्सोन हे औषध होते. रोग जंतूंबरोबरच संपेल, अशी अपेक्षा होती.

तथापि १८७३ साली हॅन्सेन यांनी पाहिलेला हा जंतू स्वतः फारसा विषारी नाही. तो मज्जातंतूंच्या आवरणपेशींत दडून राहतो. रिडले व जॉपलिंग यांनी १९६६ साली या रोगाचे प्रकार रोग्याच्या प्रतिकाराच्या क्रमाने मांडले. एका टोकास शरीर जंतूला जणू सहन करते आणि जंतू अमाप वाढतात. दुसऱ्या टोकास प्रतिकार तीव्र, जंतू विरळ. परंतु त्या संघर्षात मज्जातंतूच चिरडला जातो. मधल्या अवस्थेत, उपचार चालू असतानाही, प्रतिकार अकस्मात उसळतो आणि थोड्याच दिवसांत हात लुळा पडू शकतो.

निरोगी शरीर स्वकीय पेशींना सहन करते. स्वकीयांवर उठू शकणाऱ्या बहुतेक पेशी घडणीच्या काळातच नष्ट होतात. उरलेल्यांना आवरणाऱ्या नियामक पेशी साकागुची यांनी १९९५ साली दाखविल्या. या संशोधनास २०२५ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. हा आवर सुटला की सांध्यांवर वा स्वादुपिंडावर स्वकीयांचाच हल्ला होतो. कुष्ठरोग त्या वर्गातला नव्हे, कारण येथे लक्ष्य जंतू असतो. परंतु रक्षकाच्या हातूनच घर मोडते, हे दोहोंत समान आहे.

म्हणूनच अशा उसळीत प्रतिकार शमविणारी स्टेरॉइडे द्यावी लागतात, आणि जंतुनाशक औषधेही चालूच ठेवावी लागतात. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत वर्धा होता. त्याने जंतूंचा प्रश्न बव्हंशी सुटला. मज्जातंतूंचा सुटला नाही. रोग्याचा हात हाती घेऊन त्याची संवेदना वारंवार तपासणे, ही त्रिसूत्रीला जोडावी लागणारी चौथी गोष्ट होय.