घरात बिनतारी संगीत : माफक खर्चात स्टिरिओ संच कसा निवडावा

तबकडी मागे पडली, कॅसेट गेली, सीडीही कपाटात जाऊन बसली. आज बहुतेक घरांत संगीत येते ते मोबाइलमधून. गाण्यांचा साठा अमर्याद झाला. पण ऐकण्याचे साधन मात्र पुष्कळदा तळहाताएवढ्या ब्लूटूथ स्पीकरपर्यंत आक्रसले. त्यातून तानपुऱ्याची जवारी ऐकू येत नाही, डग्ग्याचा घुमारा हरवतो आणि डावी-उजवी बाजू एकाच ठिकाणी गोळा होते. माफक खर्चात याहून पुष्कळ चांगले ऐकता येते. त्यासाठी एक तत्त्व ध्यानात ठेवावे लागते. संचातील सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे स्पीकर आणि सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे बिनतारी जोडणी. पैसा पहिल्यावर खर्च करावा. दुसरा भाग स्वस्त आणि सहज बदलता येण्याजोगा ठेवावा.

संचाचे तीन भाग

मोबाइल किंवा इंटरनेटवरून संगीत घेणारा रिसीव्हर, ते बलवान करणारा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी, असे संचाचे तीन भाग असतात. ज्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो त्यांना ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात, तर ज्यांना तो बाहेरून जोडावा लागतो ते ‘पॅसिव्ह’. जागा थोडी असेल आणि तारांचा पसारा नको असेल, तर ॲक्टिव्ह जोडी सोयीची. भाग वेगवेगळे असले की बिघडलेला तेवढा बदलता येतो, ही पॅसिव्ह संचाची जमेची बाजू. एकूण २० हजार रुपये खर्च करायचे असल्यास निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकरसाठी राखावी.

बिनतारी भाग वेगळा ठेवण्याचे महत्त्व एका उदाहरणावरून कळते. गूगलने २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ या छोट्या उपकरणाचे उत्पादन जानेवारी २०१९ मध्ये थांबले. अशी उपकरणे कालबाह्य झाली, तरी त्यांना जोडलेले स्पीकर निरुपयोगी होत नाहीत. सारे काही एकाच डब्यात असेल, तर मात्र एका भागासाठी संपूर्ण संच अडगळीत जाण्याचा धोका राहतो.

ब्लूटूथ की वाय-फाय

ब्लूटूथ स्वस्त आणि सोपे आहे. मात्र त्यात संगीत आकुंचित करून पाठवले जाते. सीडीवरील संगीताचा प्रवाह सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथच्या ‘एलडॅक’ या उच्च प्रतीच्या पद्धतीतही तो अधिकाधिक ९९० असतो आणि ‘एसबीसी’ या मूळ पद्धतीत बराच कमी. आयफोन एलडॅक वापरत नाही, तो ‘एएसी’ वापरतो. तेव्हा फोन पाहूनच रिसीव्हर निवडावा. घरातील रोजच्या ऐकण्यात हा फरक फारसा जाणवत नाही. अधिक त्रासदायक ठरते ती दुसरी गोष्ट : फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले की गाणे तुटते आणि कॉल आला की ख्याल थांबतो.

स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्ट यांसारख्या वाय-फाय पद्धतींत फोन केवळ आज्ञा देतो. संगीत रिसीव्हर स्वतः इंटरनेटवरून घेतो. त्यामुळे मैफल अखंड चालते. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी नीट पार होत नाहीत, तेथे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक भरवशाचा. ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही असलेला रिसीव्हर मिळाल्यास उत्तम.

वॅटच्या आकड्यांना भुलू नये

खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेल्या हजारो वॅटना अर्थ नसतो. पाहावयाचा तो ‘आरएमएस’ आकडा. त्याहूनही महत्त्वाची स्पीकरची संवेदनशीलता, जी डेसिबलमध्ये दिलेली असते. त्यात ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जेथे ४० वॅट लागतात, तेथे ९० डेसिबलच्या स्पीकरला २० पुरतात. मध्यम आकाराच्या खोलीत एवढी शक्ती विपुल असते. स्पीकरचा ओहमचा आकडा ॲम्प्लिफायरला चालणारा आहे, याचीही खात्री करून घ्यावी.

दुकानात जाताना परिचित ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि दोन जोड्यांची तुलना समान आवाजात करावी. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. केसरबाई केरकर किंवा मास्टर दीनानाथ यांची ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रणे मोनो आहेत. त्यांत डावे-उजवे नाही. अशा गायनाच्या रसिकाने धडधडणाऱ्या खर्जापेक्षा आवाजाच्या मध्यपट्टीतील स्वच्छता पाहावी.

माळ्यावरचा ठेवा

घरात कॅसेटच्या काळातील चालू ॲम्प्लिफायर असेल, तर तो भंगारात देण्याची घाई करू नये. त्याच्या मागील ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ असे लिहिलेल्या जागी रिसीव्हर जोडला की जुना संच बिनतारी होतो. ‘फोनो’ ही जागा केवळ रेकॉर्ड प्लेअरसाठी असते. तेथे जोडल्यास आवाज फाटतो. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड दमट हवेत कुजते. वापरलेली जोडी घेण्यापूर्वी ती अवश्य तपासावी.

मांडणी आणि जपणूक

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर कानाच्या उंचीवर असावेत आणि भिंतीपासून किंचित पुढे ठेवावेत. पॅसिव्ह स्पीकरच्या तारा जोडताना लाल-काळ्याचा क्रम दोन्हीकडे सारखा ठेवावा. एका बाजूला उलटा झाल्यास खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता विखुरतो. फरशीच्या खोलीत आवाज घुमत असेल, तर सतरंजी आणि जाड पडदा कोणत्याही महाग तारेपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात यंत्रे आठवड्यातून दोन-तीनदा चालवावीत. आतील उष्णतेने ओल कमी राहते. विजा चमकू लागताच प्लग काढावा आणि ब्रॉडबँडची केबलही सोडवावी, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही येतो. एवढी काळजी घेतली तर बिनतारी उपकरणे येतील आणि जातील. स्पीकरची चांगली जोडी मात्र वर्षानुवर्षे घरात गात राहील.