न पोहोचलेल्या प्रकाशाची साक्ष

इ. स. १८६२. लंडनमध्ये वार्धक्याने थकलेला मायकेल फॅरडे आपल्या आयुष्यातील अखेरच्या प्रयोगांपैकी एक करीत होता. प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ज्योत ठेवून तिच्या वर्णरेषांत काही पालट होतो काय, हे त्याला पाहावयाचे होते. पालट दिसला नाही. फॅरडेने ते अपयश प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले.

ती हकिकत पुढे हॉलंडमधील पीटर झीमानच्या वाचनात आली. फॅरडेसारख्याला जे संभवनीय वाटले ते पुन्हा करून पाहण्याजोगे खास आहे, असे त्याने मानले. १८९६ मध्ये लायडेन येथे, अधिक सूक्ष्म उपकरणांच्या साह्याने, सोडियमची रेषा चुंबकाच्या प्रभावाने रुंदावलेली त्याला दिसली. तिच्या कडांचा प्रकाश वर्तुळ-ध्रुवित असला पाहिजे, हे लोरेन्ट्सचे भाकीतही खरे ठरले. १९०८ मध्ये अमेरिकेत हेल याने याच खुणेवरून सूर्यावरील डागांत सुमारे ३,००० गौसचे चुंबकक्षेत्र असल्याचे दाखविले. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गौसच्या आसपास असते.

ताऱ्याभोवतीच्या तप्त आयनद्रायूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. चुंबकक्षेत्रात ते बलरेषांभोवती ठरावीक गतीने एकाच दिशेने गिरक्या घेतात. झोक्याच्या लयीत दिलेला धक्काच झोका वाढवितो. त्याचप्रमाणे ज्या प्रकाशतरंगाचे कंपन त्याच गतीने व त्याच दिशेने फिरते, त्याचीच ऊर्जा हे इलेक्ट्रॉन विशेषेकरून शोषून घेतात. उलट दिशेने फिरणारा तरंग बव्हंशी निसटतो. म्हणून, जो प्रकाश वाटेत हरवला, तोच चुंबकाची साक्ष देतो.

१९७० मध्ये केम्प याला एका श्वेत लघुताऱ्याच्या प्रकाशात वर्तुळ-ध्रुवण आढळले. १९७६ मध्ये ट्रुम्पर व त्याच्या जर्मन सहकाऱ्यांनी बलूनमधून उपकरणे उंच पाठवून शौरी तारकासमूहातील एका न्यूट्रॉन ताऱ्याचे क्ष-किरण तपासले, तेव्हा वर्णपटात एक आगळी खूण दिसली. ती उत्सर्जनाची की शोषणाची, हा वाद काही काळ चालला. अखेर ती शोषणाची खाच ठरली. तिच्यावरून काढलेले क्षेत्र तीन ते चार लक्ष कोटी गौस भरले. इतका प्रबळ चुंबक पृथ्वीवरील कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

१ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला भारताचा ‘एक्स्पोसॅट’ हा उपग्रह अशाच क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्यासाठी पाठविण्यात आला. फॅरडेने आपले अपयश टिपून ठेवले नसते, तर झीमान त्या वाटेला कदाचित गेलाही नसता.