मादाम क्यूरींची सहकारी शाळा

आपल्या मुलांस कोणत्या शाळेंत घालावें, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास पडतो. परंतु शाळा बाजूस ठेवून आपणच त्यांस शिकवावें, असें मनांत आणणारे विरळा. पॅरिसमध्यें १९०७ च्या सुमारास मारी क्यूरी यांनीं तें मनांत आणलें. १९०६ सालीं पतीचें अपघाती निधन झालेलें, आणि थोरली इरेन शिकण्याच्या वयाची. कोंदट वर्गांत मुलांनीं दिवसभर बसून रहावें, हें बाईंस पसंत नव्हतें. विद्वान मित्रांच्या विचारें ठरलें कीं, ज्यानें त्यानें आपला विषय सर्वांच्या मुलांस शिकवावा.

मुलें सुमारें दहा; दिवसाला धडा एकच. रसायनशास्त्र झाँ पेरँ यांच्याकडे, गणित पॉल लांझव्हँ यांच्याकडे आणि पदार्थविज्ञान स्वतः बाईंकडे. उकळता द्रव ऊन कसा राखावा, असें त्यांनीं एकदां विचारलें. मुलांनीं नाना युक्त्या सुचविल्या. प्रथम झांकण ठेवावें, हें बाईंचें उत्तर! तेरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीनें त्या पाठांचीं केलेलीं टिपणें २००३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं.

ही शाळा दोनच वर्षें चालली. पालकांस संशोधनांतून सवड होईना, आणि मुलांपुढें सरकारी परीक्षा उभी होती. इरेनला १९३५ सालीं पतीसह नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्याचें सारें श्रेय या प्रयोगास देणें वाजवी नव्हे. त्याचें खरें मोल निराळें आहे. त्या शाळेंत आईबापांस पैसा नव्हे, वेळ द्यावा लागे. आणि तो थोरामोठ्यांसहि फार दिवस पुरला नाहीं.