निघण्यापूर्वी छत उतरवताना : पॉप-अप कॅम्परची सुरक्षित हाताळणी

अमेरिकेच्या रस्त्यांवर 'पिकअप' म्हणून ओळखली जाणारी, मागे उघडा हौदा असलेली मोटार सर्रास दिसते. या हौद्यात बसविता येणारी निवासी खोली म्हणजे 'ट्रक कॅम्पर'. तिच्यात झोपण्याची जागा, छोटी शेगडी, पाण्याची टाकी असा आटोपशीर संसार असतो. या कॅम्परचाच एक प्रकार म्हणजे 'पॉप-अप'. त्याचे छत मुक्कामाच्या ठिकाणी वर उचलता येते आणि प्रवासाला निघताना खाली बसविता येते. उचललेले छत व खालची पक्की भिंत यांच्यामध्ये सुमारे दोन फुटांचा पडदा असतो, तो जाड, लेप दिलेल्या कापडाचा. कापडाची ही भिंत म्हणजे तंबूच, असे मानणारी ठिकाणेही आहेत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फिशिंग ब्रिज या तळावर अस्वलांच्या वावरामुळे केवळ पक्क्या भिंतींच्या वाहनांनाच मुक्कामाची परवानगी मिळते.

एवढा खटाटोप कशासाठी? छत खाली असले की गाडी ठेंगणी राहते, वाऱ्याला कमी तोंड देते, तिचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि जंगलातल्या कच्च्या वाटेवर फांद्या अंगावर येत नाहीत. कॅलिफोर्निया वा कोलोरॅडोतील डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांना हा प्रकार प्रिय आहे तो यामुळेच. मात्र या सोयीचे मोल रोज सकाळी मोजावे लागते. छत उतरविणे हे काम दोन-चार मिनिटांचे. पण ते अर्धवट झाले तर त्याची किंमत मागून येणाऱ्या अनोळखी मोटारीलाही चुकवावी लागू शकते.

हा धोका किती खरा आहे, ते साध्या हिशेबाने कळते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या हवेचा दाब प्रत्येक चौरस मीटरला साधारण १२ किलो वजनाइतका असतो. ताशी १०० किलोमीटरला तो दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ४७ किलोच्या आसपास होतो. त्यात समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर आकडा ८० च्या घरात जातो. कॅम्परच्या छताचे क्षेत्रफळ पाच-सहा चौरस मीटर असते. हा सगळा दाब छताला वर उचलत नाही हे खरे; परंतु पुढच्या कडेला बोटभर फट राहिली आणि हवा आत शिरू लागली, तर एखाददुसऱ्या कडीवर केवढा ताण येत असेल याची कल्पना यावी. गावातल्या रस्त्यावर निमूट बसलेले छत महामार्गावर उघडते ते म्हणूनच.

कामाची सुरुवात छतापासून नव्हे, आतल्या सामानापासून करावी. शेगडी विझवून थंड होऊ द्यावी आणि गॅस सिलिंडरपाशीच बंद करावा. चालकाच्या टपावर येणाऱ्या बिछान्यावर उशा व रजया रचून ठेवण्याची सवय असते. छत खाली येताना त्या आडव्या येतात आणि मग छत बसले नाही म्हणून जोर लावला जातो. छतावर काय आहे तेही पाहावे. कयाक, पेट्या असे सामान कारखान्याच्या सूचनेप्रमाणे आधी उतरवावे लागत असेल तर ते उतरवावे. हिमवृष्टी झाली असेल तर छत झाडून घेतल्याशिवाय कडेकपारीला हातच लावू नये. ओले, दबलेले हिम घनमीटरला ३०० किलोपर्यंत सहज भरते; त्याचा अर्ध्या फुटाचा थर अशा छतावर अडीचशे किलोंहून अधिक भार टाकतो. इतके वजन घेऊन छत सुटले तर ते हाताने आवरणे अशक्य आहे.

यानंतरचा भाग सर्वाधिक महत्त्वाचा, आणि नेमका तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. छत खाली येते तेव्हा आतली हवा कुठेतरी जायला हवी. छतातील झडप आणि दार, दोन्ही बंद असतील तर हवा कोंडते, कापड फुग्यासारखे बाहेर फुगते आणि छताच्या कडेखाली चेंगरते. म्हणून उतरविताना झडप किंवा दार उघडे ठेवावे. कापड आत ओढले जावे यासाठी अनेक कॅम्परांत आतून इलॅस्टिकचा दोर असतो. तो सैल झाला असेल तर बदलण्यात कंजुषी करू नये. छतात पंखा असेल तर अनुभवी मंडळी एक युक्ती करतात. दार-खिडक्या लावून पंखा हवा बाहेर टाकण्याच्या दिशेने चालवितात. आतला दाब किंचित कमी होतो आणि कापड आपसूक आत खेचले जाते. युक्ती नामी आहे, पण पंखा बंद करून त्याचे झाकण शेवटी लावायचे राहिले, तर पहिल्याच वेगवान रस्त्यावर वारा ते उखडतो.

पुढची बाजू आधी उतरवायची की मागची, हे प्रत्येक कारखान्याच्या रचनेवर अवलंबून असते. त्यासाठी पुस्तिकाच प्रमाण मानावी. क्रम कोणताही असो, छत एका दमात खाली न आणता थोडे उतरवून थांबावे, बाहेर येऊन चारही बाजू पाहाव्यात, लोंबणारे कापड हाताने आत सारावे आणि मग उरलेले अंतर उतरवावे. तिकडे स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेले आईवडील अशा सहलीत असले, की 'बाबा, जरा बाहेरून बघता का?' ही कामगिरी त्यांच्याकडे येते. ती किरकोळ समजू नये. आतल्या माणसाला कापड दिसत नाही, बाहेरच्याला दिसते. मात्र बाहेरच्याने 'थांब' म्हटल्यावर आतल्याने खरोखर थांबले पाहिजे आणि कापडाशी हात असताना छत हलता कामा नये. घडीच्या फळ्या व बिजागऱ्या बोटे चिमटतात. मुलांना या वेळी गाडीपासून दूर, पण नजरेसमोर ठेवावे. गाडीची किल्ली छत उतरविणाऱ्याच्याच खिशात असावी, असे आमचे मत आहे.

काही छतांना वायूच्या दाबावर चालणारे दांडे आधार देतात. थंडीत वायूचा दाब घटतो, त्यामुळे कडाक्याच्या पहाटे छत नेहमीपेक्षा जड भासते व झपकन खाली येऊ शकते. दुपारच्या उन्हात तेच छत ओढता ओढेना असे होते. हँडल फिरवून तारेच्या दोरावर छत चढविण्या-उतरविण्याच्या पद्धतीत वेगळी दक्षता हवी. छत टेकले की हँडल फिरविणे तत्काळ थांबवावे. पुढे फिरवत राहिल्यास तार सैल पडून गुंत्यात सापडते आणि पुढच्या मुक्कामी छत वाकडे चढते. विजेवर चालणाऱ्या रचनेतही नजर छतावर असावी, बटणावर नव्हे.

छत टेकले म्हणजे बंद झाले, हा समज चुकीचा आहे. ते बंद होते बाहेरच्या कड्या बसल्यावर. अशा कड्या बहुधा चार ते सहा असतात. प्रत्येक कडी लावून ती हाताने ओढून पाहावी. नुसत्या नजरेवर विसंबू नये. एखादी कडी जोर लावल्याशिवाय बसत नसेल तर दोष कडीचा नसतो, आत कापड किंवा उशी अडकलेली असते. तेव्हा छत पुन्हा थोडे उचलून पाहावे. कडीत चेंगरलेले कापड फाटते, आणि न फाटले तरी पावसाचे पाणी त्याच वाटेने आत झिरपते. कड्या ठरावीक ठिकाणापासून सुरू करून गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालून तपासल्या, तर मध्येच कुणी हाक मारली तरी एखादी राहून जात नाही. तशी हाक आलीच, तर प्रदक्षिणा पहिल्यापासून करावी.

पावसात मुक्काम उठवावा लागला तर ओल्या कापडाची घडी करण्यावाचून इलाज नसतो. त्याने लगेच बिघडत नाही. पण संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी छत उघडून कापड सुकवावे. दमट घडीत बुरशी धरते व तिचे डाग सहसा जात नाहीत.

तळावरच्या तळावर गाडी 'जराशी पुढे घेताना' छत वरच ठेवण्याचा मोह होतो. फांद्या आणि पेट्रोल पंपावरचे छप्पर यांच्याशी गाठ पडते ती अशाच वेळी. प्रवास सुरू झाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरनंतर सुरक्षित जागी थांबून कड्या पुन्हा चाचपाव्यात. हादऱ्यांनी सैल होणारी कडी बहुधा एवढ्या अंतरात कळून येते. आणि धावत्या गाडीत छताकडून फडफड ऐकू आली, तर करकचून ब्रेक लावू नये. धोक्याचे दिवे लावून वेग हळूहळू कमी करावा, कडेच्या पट्टीवर थांबावे आणि वाहतुकीच्या उलट बाजूने उतरूनच छत पाहावे.